कृपया पुसू नये

दहिसर चेकनाक्यापासून अंधेरीपर्यंत आपल्यासारखा वस्तू पारखणारा माणूस दुसरा नाही, असं चंद्रप्रकाश घाडी चारचौघांत छातीठोक सांगायचा. आणि कोणी फारच कौतुकाने बघायला लागलं की स्वतःच कबूल करायचा, की घरातला मिक्सर, पंखा आणि जावई बायकोने, सुगंधाने निवडला, आपण फक्त पिशवी धरली. (जावयाच्या वेळी पिशवीही दुसऱ्यानेच धरली होती.)

पण पहिली अर्धी गोष्ट ऑफिसात पोचली आणि दुसरी वाटेत कुठेतरी गळाली. चंद्रप्रकाश अंधेरीच्या एमआयडीसीत मिठाईचे खोके बनवणाऱ्या कंपनीत होता. दिवाळीचा नवा खोका काढायचा होता. त्याच्या बॉस गार्गी मॅडम म्हणाल्या, की आता ऑनलाइन व्हाइटबोर्ड घेऊ, म्हणजे कॉम्प्युटरवरचा फळा. प्रत्येकाने आपापल्या जागेवरून त्यावर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवायच्या, कल्पना सुचवायच्या. असे तीन फळे ट्रायलवर मिळत होते. त्यातला एक घाडींनी निवडावा आणि गुरुवारी सांगावा. शिवाय टीम लीडची जागा रिकामी होती. ती एकतर घाडींना जाणार होती, नाहीतर मुलुंडच्या मिहिरला, ज्याचं वय घाडींच्या नोकरीपेक्षा दोन वर्षांनी जास्त होतं.

हे ऐकून चंद्रप्रकाशची चाल बदलली. घरी आल्यावर त्याने सुगंधाला फळा म्हणजे काय ते समजावलं. सुगंधा पालिकेच्या शाळेत सत्तावीस वर्षं शिकवत होती. जूनमध्ये शाळेत डिजिटल फळा आला तेव्हा तिने दोन दिवसांचं ट्रेनिंगही केलं होतं, आणि त्याचं सर्टिफिकेट फ्रिजवर लावलं होतं. त्या सर्टिफिकेटवर चंद्रप्रकाशने भाजीवाल्याचा नंबर लिहून ठेवला होता. तिने सगळं ऐकून घेतलं आणि भात उतरवला.

सोमवारी पहिला फळा. दिवसभर चिठ्ठ्यांचा पाऊस पडला. संध्याकाळी चंद्रप्रकाशने लॅपटॉप घरी आणला, जेवणाच्या टेबलावर उघडून अख्खा फळा डोळे भरून पाहिला आणि नदीकडे फेरी मारायला गेला. मंगळवारी सकाळी बघतो तर फळा कोरा, धुतलेल्या ताटासारखा. मिहिर फोनवर काहीतरी सांगायला गेला, पण चंद्रप्रकाशने निकाल देऊन टाकला होता, की माल हलका आहे, रात्रभरसुद्धा टिकत नाही.

मंगळवारी दुसरा फळा. मिहिरने वहीत टिपून ठेवलेल्या चिठ्ठ्या पुन्हा चिकटवल्या. या वेळी चंद्रप्रकाशने डोकं चालवलं. फळ्याच्या मधोमध लाल अक्षरांत लिहिलं, 'कृपया पुसू नये'. आणि फेरीला गेला. बुधवारी सकाळी चिठ्ठ्या गेल्या होत्याच, लाल अक्षरंही गेली होती. त्याला जरा भीतीच वाटली. ऑफिसात त्याने हळूच एकाला विचारलं, की सर्व्हरला बाधा वगैरे होते का.

बुधवारी तिसरा. गुरुवारी सकाळी घरूनच मीटिंग होती. चंद्रप्रकाश इस्त्रीचा शर्ट घालून कॅमेऱ्यासमोर बसला, फळा उघडला. कोरा.

दुसरा कोणी घाबरला असता. चंद्रप्रकाशने भाषण सुरू केलं. तिन्ही टूल्स फालतू आहेत, तीन दिवस आपण स्वतः रक्त आटवून कल्पना रचल्या आणि या कंपन्यांनी त्यांची वाट लावली, तेव्हा भिंतीवरचा साधा फळा आणावा, असं तो दहा मिनिटं बोलला. गार्गी मॅडम मान डोलवत होत्या. लीडची खुर्ची त्याला दिसायला लागली. तिला चाकं होती.

मग मिहिर म्हणाला, "सर, सोमवारपासून हेच सांगायचं होतं. यात हिस्टरी असते. कोणी काय केलं ते दिसतं. दाखवू?"

"दाखव ना," चंद्रप्रकाश म्हणाला. (हा त्या आठवड्यातला त्याने पूर्ण स्वतःच्या डोक्याने घेतलेला एकमेव निर्णय.)

स्क्रीनवर तीन फळ्यांच्या तीन ओळी आल्या. सोमवार, मंगळवार, बुधवार, संध्याकाळी सात दहा. सगळं डिलीट केलं. नाव, चंद्रप्रकाश घाडी.

गार्गी मॅडमनी चष्मा पुसला.

सुगंधाची शाळा दुपारची, त्यामुळे ती मागे डबा भरत होती. ती शांतपणे कॅमेऱ्यात वाकली आणि म्हणाली, "मी पुसते. रोज. मला लॅपटॉपवर हजेरी भरायची असते."

"अगं, पण का?"

"तास संपला की फळा पुसायचा असतो. पुढच्या बाईंना आपला पसारा कशाला?"

"मी लिहिलं होतं ना, पुसू नये म्हणून!"

"ते प्रत्येक बाई लिहून जातात. ते पाळत बसले असते तर माझा एकही तास झाला नसता."

मिहिरने एक बटण दाबलं आणि सगळ्या चिठ्ठ्या परत आल्या. मॅडम म्हणाल्या की तिसरा फळा ठीक आहे, लीडचं मिहिर बघेल, आणि ट्रेनिंग द्यायला वहिनींना वेळ असेल तर बरं होईल. मीटिंग संपली.

चंद्रप्रकाशने लॅपटॉप बंद केला. कॅमेरा नक्की बंद झाला का ते दोनदा बघितलं, आणि मग लग्नाच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा बायकोवर आवाज चढवला. लीडची जागा गेली, माणसांत शोभा झाली, तीन दिवसांची आपली मेहनत, आपल्या कल्पना, सगळं तिने एका बोटाने पुसलं, असं तो म्हणाला.

सुगंधाने डब्याचं झाकण लावलं.

"तुमच्या? अहो, वाचल्याशिवाय मी कोणाचा फळा पुसत नाही. काल एक्केचाळीस चिठ्ठ्या होत्या. त्यात तुमच्या नावाची एक. 'मिहिरशी सहमत.'"