कापणीच्या सणाचे अंडे

एका जंगलात रविवारी कोणी कोणाला खात नसे. त्या दिवशी सगळे वडाखाली उपासनेला जमत. करकोचा तिथला पाळक. तो एका पायावर उभा राहून लांबलचक संदेश देई आणि अस्वल पहिल्याच वाक्याला झोपी जाई.

मंडळीचे एक अनाथालय होते. सोमवार ते शनिवार जंगलात काय चाले ते तुम्ही जाणताच, मुलांनो. तेव्हा अनाथ पिल्लांना तोटा नव्हता. साळूबाई साळिंदर त्यांना पेज करून घाली.

एकदा साळूबाई पाळकांकडे आली. "सलाम, पाळकसाहेब. कणगी खरवडून झाली. आता दान आलं नाही तर पोरं उपाशी राहतील."

"रविवारी कापणीचा सण आहे," करकोचा म्हणाला. "मंडळी भरभरून आणतील."

या सणाला प्रत्येकाने आपल्या घरचे काही आणायचे, त्याचा लिलाव करायचा आणि येईल ते पिल्लांना द्यायचे, अशी रीत होती. पण यंदा प्रत्येकाला वाटले, दुसरे आणतीलच. आणले फक्त मार्थाबाई कोंबडीने. एकच अंडे, तेही पोटाखालून काढलेले, ऊनऊन.

खजिनदार कोल्होबाने ते उंच धरले. "बोला."

"शंभर केळी," हत्ती म्हणाला. टाळ्या पडल्या. हत्तीला भरून आले. "अंडं मला नको. पुन्हा लिलावात घाला."

मग वाघाने एका आख्ख्या हरणाची बोली लावली. पुढच्या रांगेतली हरणे जरा मागे सरकली. वाघानेही अंडे परत केले. केळी आणि हरिण "पाठवून देतो" यावर राहिले.

दर रविवारी तेच अंडे, त्याच टाळ्या. आठवडाभर ते अस्वलाच्या काखेत जपून ठेवत, कारण अस्वल फारसे हलत नसे. इकडे पेज इतकी पातळ झाली की पिल्लांना तिच्यात आपापली तोंडे दिसत. मार्थाबाई दिवसभर उकिरडा उकरून चार दाणे आणी, तेवढाच काय तो आधार. मला या मंडळीचा फार राग येतो, पण गोष्ट पुरी करायला हवी.

एका रविवारी ऐन संदेशात अस्वल दचकून जागे झाले. काखेतून एक ओले पिल्लू बाहेर आले आणि म्हणाले, "भूक लागली."

"पाहा," करकोचा गहिवरला. "दिल्याने वाढतं ते असं."

मार्थाबाई धावली. "माझं लेकरू आहे ते."

"होतं," कोल्होबा म्हणाला. "दिलेलं दान परत मागू नये, बाई. ते आता अनाथालयाचं."

साळूबाईने काटे फुलवले. "मी कशी घेऊ? आपल्याकडे अनाथच घेतात. याची आई तर ही समोर उभी आहे."

मंडळीने माना डोलावल्या. नियम तो नियम.

कोल्होबाने मार्थाबाईकडे बराच वेळ पाहिले. मग अगदी मायेने म्हणाला, "काळजी करू नका, साळूबाई. उद्या सोमवार आहे."

तात्पर्य : दान नेहमी तोंडाने द्यावे. हाताने देणारा कोणाच्या तरी नजरेत भरतो, आणि रविवार काही रोज नसतो.