अठ्ठावीस दिवसांचा उतार

सिमेंटच्या कारखान्यात मला ठोकळे फोडण्याचा पगार मिळतो. नव्या सिमेंटचे ठोकळे पाडायचे, पाण्यात ठेवायचे, अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्राखाली चिरडायचे आणि कितीला फुटले ते लिहायचं. त्यामुळे सासूबाई महिन्याभरात व्हीलचेअरवरून घरी येणार हे कळताच, मागच्या दाराशी उतार मीच बांधणार, असं जाहीर केलं. पुढच्या दाराला पाच पायऱ्या होत्या. सासऱ्यांनी चाळीस वर्षं गवंडीकाम केलेलं, पण ते हॉस्पिटलात सासूबाईंपाशी. बरंच झालं, असं मी तेव्हा म्हणालो.

उतार आमच्या नव्या सिमेंटचा. त्यात निम्म्याहून जास्त लोखंडाच्या भट्टीतली धातुमळी आणि वीजकेंद्राची राख. चुनखडी कमी भाजावी लागते, धूरही कमी. खोड एकच. हे सिमेंट नव्या कारकुनासारखं असतं: सुरुवातीला काहीच करत नाही आणि नंतर जागचं हलवता येत नाही.

चाकांना उंबरठ्याचा धक्का बसू नये म्हणून वरचं टोक उंबरठ्याच्या दोन बोटं वर घेतलं. ओली पोती पसरली, लोखंडी दाराला आतून कडी घातली आणि घरात बजावलं, अठ्ठावीस दिवस या दाराला कोणी हात लावायचा नाही.

तिसऱ्या दिवशी सासरे कपडे न्यायला आले. पोतं उचलून त्यांनी उतारावर नख ओढलं, दाराकडे पाहिलं.

“जावईबापू, हे आजच फोडा. ओलं आहे तोवर सोपं जाईल.”

जुन्या माणसांचा नव्या सिमेंटवर विश्वास नसतो, हे मला माहीत होतं. मी त्यांना राखेचे गुण समजावून सांगितले. ते “अहो, पण दार...” म्हणाले, तेव्हा दाराला कडी आहे, काळजी नको, असंही सांगितलं. सातव्या दिवशी ते छिन्नी घेऊनच आले. मी ठोकळ्यांचे आकडे वाचून दाखवले.

“बाबा काहीतरी सांगताहेत, ऐकून तरी घे,” बायको म्हणाली.

“अठ्ठाविसाव्या दिवशी तेच मला शाबासकी देतील.”

अठ्ठाविसाव्या दिवशी सासूबाईंची गाडी मागच्या अंगणात लागली. मी आतून कडी काढली आणि दार ढकललं. खांदा लावला. मग बायकोनेही लावला. दार तसूभर हललं नाही.

“बिजागऱ्या बाहेर आहेत,” बाहेरून सासरे शांतपणे म्हणाले. “हे दार बाहेर उघडतं.”

फक्त दोन बोटं फोडायची होती. सासऱ्यांनी त्यांचे दोन जुने गवंडी बोलावले. दीड तासात तीन छिन्न्यांची टोकं गेली आणि एका घणाचा दांडा. सासूबाई गाडीत बसून बघत होत्या. शेवटी सासऱ्यांनी बिजागऱ्यांच्या खिळ्या काढल्या, चौघांनी दार वरून कलवून उचललं आणि सासूबाई अलगद आत आल्या.

“उतार छान झालाय हो,” त्या म्हणाल्या. “आता दार केव्हा बसवणार?”

ते सासऱ्यांनी दोन दिवसांत बसवलं, आत उघडणारं. मला हात लावू दिला नाही.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी नव्या सिमेंटचा प्रत्यक्ष वापरातला अनुभव मागितला. मी लिहिलं: दोन अनुभवी गवंडी, तीन छिन्न्या, एक घण, दीड तास, टवकासुद्धा उडाला नाही. साहेबांनी तो अहवाल सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून माझी पाठ थोपटली.

फोडत का होतो, हे कोणी विचारलं नाही. अहवालात तसा रकानाही नव्हता.