गाडीचा फोटो कुठाय?

खण्ण! गाडीची किल्ली फरशीवर पडली आणि दुपारची सगळी शांतता फुटली. महत्प्रयासानं झोपवलेली चार वर्षांची लेक टक्क उठून बसली. "आई, मीपण!"

घेतली बरोबर. वाणसामान आणायला तर जायचं होतं, आणि मला कसली भीती? विमा कंपनीच्या मदतीच्या फोनवर बसते मी! अपघातानंतर काय करायचं ते मला झोपेतून उठवून विचारा. शांत राहा, इंजिन बंद करा, चूक कबूल करू नका, फोटो काढा. नव्या मुलींकडून हे मीच घोकून घेते.

फाटकातून गाडी मागे घेतली, आणि धाडकन शेजारचे काका त्यांच्या गाडीसकट आमच्या मागच्या दारात! लेक बसली होती त्याच दारात!

शांत राहायचं म्हणून मी जी किंकाळी फोडली, तिनं झाडावरचे कावळे उडाले. इंजिन बंद करायला गेले, तर वायपर सुरू झाले. काकांनी तोंड उघडायच्या आत मीच ओरडले, "काका, चूक माझीच! आजची, कालची, सगळी माझीच!"

"अगं, चूक राहू दे, पोर बघ आधी!" काका गाडीतून धडपडत उतरले.

पोर ढिम्म. "आई, परत कर ना धाड!"

तिला उचलून बाहेर काढलं. मग मला फोटो आठवले. काढतच सुटले! ते पाठवून मदतीचा फोन लावला. उचलला कुणी? मीच शिकवलेल्या पोरीनं!

"आधी शांत व्हा हं, बाई," ती थेट माझ्याच सुरात म्हणाली. मग तिनं नंबर पाहिला. "अय्या, ताई, तुम्ही? अहो, पण हा कान आहे."

"डावा," मी म्हणाले.

"हा दुसरा कान. हे गुडघे. हे दात. ताई, गाडीचा फोटो कुठाय?"

नव्हताच! एकही नव्हता!

मी तो फोटो डोळ्यांजवळ धरला. बाई गं, काय तो कान! शिंपल्यासारखी वळणं, पाळीवर कोवळी लव. रोज पुसते मी तो, आणि पाहिला मात्र आत्ता! दार चेपून सीटला टेकलं होतं, आणि तिथून वीतभर अंतरावर हे सगळं जसंच्या तसं राहिलं होतं. साधा ओरखडा नाही! मी रस्त्यातच बसकण मारली. काकाही शेजारी टेकले. जगात पहिल्यांदाच कुणाला कान उगवलाय, अशा थाटात आम्ही दोघं बघत राहिलो.

तेवढ्यात त्या पोरीनं धाडलेला गॅरेजवाला आला. दारावर टिचकी मारून म्हणाला, "काळजी सोडा, वहिनी. हे काढून टाकू, नवीन बसवू. कुणाला कळणारसुद्धा नाही!"

लेकीनं माझी बाही ओढली.

"आई, मी चेपले असते तर तू नवीन आणली असतीस? मग कुणाला कळलं असतं?"