फियाटला पडलेलं भोक

शुक्रवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास अच्युतराव टेंब्यांनी आपल्या सासऱ्यांच्या फियाटच्या इंजिनाला भोक पाडलं.

पाडायचं नव्हतं. काढायचा होता एक तुटका बोल्ट. डायनामो ज्या पट्टीवर बसतो ती पट्टी इंजिनाला आवळणारा हा बोल्ट, पाना लावताच मुंडकं टाकून मोकळा झाला आणि धड आतच राहिलं. अच्युतराव भूगोलाचे निवृत्त शिक्षक. निवृत्तीला मुलीनं, कस्तुरीनं, त्यांना ड्रिल मशीन भेट दिलं होतं आणि तेव्हापासून सुदामानगरातल्या त्यांच्या घराची एकही भिंत धड उरली नव्हती. खुंट्या तेवीस झाल्या होत्या आणि टांगायच्या वस्तू संपल्या होत्या. अशा माणसापुढे तुटका बोल्ट म्हणजे उपाशी माणसापुढे वाढलेलं ताट.

बोल्ट पोलादाचा, इंजिन बिडाचं. ड्रिलनं दोन्हींत जे मऊ ते निवडलं. ते शेजारी सटकलं, खर्रकन आत गेलं आणि पाण्याची गार चिळकांडी अच्युतरावांच्या बनियनवर बसली. इंजिन थंड ठेवणारं पाणी त्याच भिंतीआड फिरत असतं, हे ज्ञान त्यांना असं थेट छातीवर मिळालं. त्यांनी भोकात करंगळी खुपसली आणि विचार करायला लागले.

विचार एकच होता. परवा रविवार.

सासरे नानासाहेब जाताना फियाट मुलाला न देता मुलीला, म्हणजे अच्युतरावांच्या बायकोला, शैलजाला, देऊन गेले होते. देपालपूरला राहणाऱ्या तिच्या धाकट्या भावाला, उन्मेषला, हे काही केल्या पचलं नव्हतं. शेवटी बहीणभावांत ठरलं की दरवर्षी नानांच्या वाढदिवसाला, जो यंदा रविवारी येत होता, शैलजानं गाडी इंदूरहून देपालपूरपर्यंत चालवत न्यायची. ज्या वर्षी ती वाटेत बंद पडेल, त्या वर्षी ती उन्मेषची. पाच वर्षं उन्मेष बंद गाडी ओढून न्यायची टोचनाची दोरी घेऊन आपल्या गाडीतून मागे मागे येत होता आणि पाच वर्षं दोरी कोरीच्या कोरी घरी नेत होता.

करंगळी बधिर झाल्यावर अच्युतरावांनी समोरच्या देवेंद्रला हाक मारली. देवेंद्रचं नमकीनचं दुकान होतं, पण सल्ला तो कशावरही द्यायचा.

"भिया, ये क्या कर लिया?" बोनेटखाली डोकं घालत तो म्हणाला.

"जास्त काही नाही. छोटासा छेद आहे."

"छेद तो हे, पर नल जेसा चल रिया हे." देवेंद्रनं दोन मिनिटं हनुवटी खाजवली. "बाहर से एमसील लगाओ, अंदर रेडिएटर में हल्दी डालो. पुराने ट्रकवाले येई करते थे."

अच्युतरावांना हे पटलं. दुसरं काही सुचत नसलं की माणसाला सगळंच पटतं. त्यांनी एमसील मळून भोकावर थापलं आणि स्वयंपाकघरातून हळदीचा डबा आणला. देवेंद्र म्हणाला दोन चमचे. अच्युतरावांनी भोकाचा आकार लक्षात घेऊन अर्धा डबा ओतला.

गाडी सुरू झाली. पाच मिनिटं एक थेंब बाहेर आला नाही. देवेंद्रनं अभिमानानं शर्टाची कॉलर ताठ केली. शर्ट पांढरा होता, नवा होता आणि देवेंद्र नेमका भोकासमोर उभा होता. सहाव्या मिनिटाला इंजिन तापलं, आतल्या वाफेनं एमसीलला धक्का दिला आणि ते बुचासारखं उडून फाटकावर टणकन आपटलं. त्यामागून हळदीचं गरम पाणी आलं. देवेंद्र चपळ निघाला म्हणून भाजला नाही, पण खांद्यापासून कमरेपर्यंत थेट नवरदेव झाला.

"भिया," तो शर्टाकडे बघत शांतपणे म्हणाला, "अब मिस्त्री के पास चलो."

मिस्त्रीचं दुकान त्या दिवशी बंद निघालं. दोन वाजता शैलजा शाळेतून आली. ती मुख्याध्यापिका होती आणि घरात शिरतानासुद्धा हजेरी घेतल्यासारखी शिरायची.

"पोहे केले होते का?"

"नाही बा."

"मग अंगणात हळदीचा वास कशाचा येऊन राहिलाय?"

"देवेंद्रकडे काहीतरी कार्यक्रम असेल."

तेवढ्यात देवेंद्र पिवळा शर्ट दोरीवर वाळत घालायला गच्चीत आला. शैलजानं त्याच्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, मग झाकलेल्या फियाटकडे. "गाडी तयार आहे ना रविवारसाठी?" तिनं विचारलं.

"एकदम टनाटन," अच्युतराव म्हणाले आणि सुजलेली करंगळी खिशात घातली.

शनिवारी ती शाळेत गेल्याबरोबर देवेंद्रच्या लोडिंग रिक्षाला बांधून फियाट निघाली. बड्या गणपतीजवळच्या बोळात दिवाकर मिस्त्रीचं गॅरेज होतं. मिस्त्री पंचाहत्तरीचे, कापड गिरणीतल्या फिटरचा मुलगा. नानासाहेबांच्या वेळेपासून ही गाडी त्यांच्याच हाताखालून जायची. त्यांनी बोनेट उघडलं, वास घेतला आणि हसायला लागले.

"हळद घातली का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"कळणार नाही तर काय. इकडे या, बघा." मिस्त्रींनी चिंधीनं इंजिनावरची काजळी पुसली. तुटक्या बोल्टाच्या डावीकडे एक पितळी बूच दिसलं, उजवीकडे दुसरं. अच्युतरावांचं भोक बरोबर खाली होतं.

"हा बोल्ट पंधरा-वीस वर्षांनी तुटतो. आणि तुटला की तुमच्या घरात कोणीतरी ड्रिल घेऊन बसतंच. हे पहिलं बूच नानासाहेबांचं."

अच्युतराव बघतच राहिले. लग्नानंतर वीस वर्षं नानांनी त्यांना या गाडीचं दारसुद्धा जोरात लावू दिलं नव्हतं. "आणि दुसरं?"

"ते नाही सांगत. वचन दिलंय. नाना तेव्हा महिनाभर नाशिकला गेले होते, एवढंच सांगतो. रडत रडत आली होती ती स्वारी, कोणाला सांगू नका म्हणून."

अच्युतरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उन्मेष. दुसरं कोण असणार? दरवर्षी दोरी घेऊन बहिणीच्या मागे फिरणारा हा माणूस स्वतः भोक पाडून बसला होता तर. मिस्त्रींनी तुटक्या बोल्टाला नट वेल्ड करून तो अलगद काढला, भोकात आटे पाडले, पितळी बुचाला पाणी झिरपू नये म्हणून सूत आणि सफेदा लावून ते आवळलं. तासाभरात काम झालं. घरी येताना अच्युतराव स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरत आले. आता उन्मेषनं नुसतं तोंड उघडायचा अवकाश होता.

रविवारी सकाळी उन्मेष आला. फियाट पहिल्याच झटक्यात सुरू झाली तसा त्याचा चेहरा पडला. मग त्यानं बोनेट उघडायला लावलं.

"जिजाजी, हे काय आहे? तीन बुचं?"

अच्युतराव याच क्षणाची वाट बघत होते. त्यांनी घसा साफ केला. "तुला नाही माहीत? आठव जरा."

"मला चांगलं आठवतंय. कॉलेजात असताना नानांबरोबर मीच इंजिन पुसायचो. तेव्हा एकच होतं. त्यानंतर मी या गाडीला हात कुठे लावलाय? नानांनी लावू दिला असता तर ना."

तो खरं बोलत होता, हे त्याच्या तोंडावरच लिहिलेलं होतं. अच्युतरावांचा साफ केलेला घसा तसाच राहिला. त्यांनी हळूच मान वळवली. शैलजा इंजिनाकडे बघत होती आणि मनातल्या मनात मोजत होती. एक, दोन. तिसऱ्यापाशी तिचे डोळे थांबले, चकाकणाऱ्या नव्या पितळेवरून नवऱ्याच्या करंगळीवर गेले आणि तिथून त्याच्या डोळ्यांत.

"पहिल्यापासून तीनच आहेत," दोघं एकदमच म्हणाले.

"अगं ताई, पण..."

"कंपनीतूनच येतात तशी. तू लहान होतास." तिनं बोनेट धाडकन बंद केलं. "चल, उशीर होतोय."

फियाट निघाली. मागे उन्मेषची गाडी, तिच्यात दोरी. शहर मागे पडलं, दोन्ही बाजूंना गव्हाची शेतं लागली. इंजिन चांगलं तापलं होतं आणि हळदीचा मंद वास आत येत होता. शैलजानं आरशात बघून भाऊ बराच मागे असल्याची खात्री केली.

"ड्रिलचं बिट कितीचं होतं?" तिनं रस्त्यावरची नजर न हलवता विचारलं.

"आठ एमएमचं."

शैलजानं एका बैलगाडीला बगल दिली.

"माझं दहाचं होतं," ती म्हणाली आणि तिनं गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली.