विश्राम कर्णिकांनी हौद रिकामा केला

एकोणीसशे त्रेपन्न सालच्या डोंबिवलीत विहिरी मुबलक होत्या, आणि दुसऱ्याला शहाणपण शिकवणारी माणसं त्याहून मुबलक! गणित शिकवावं तर आपणच, याबद्दल विश्राम कर्णिकांना तिळमात्र शंका नव्हती. ठाण्याच्या कचेरीत साधे कारकून, पण त्रैराशिक तोंडपाठ!

शेजारची उत्तरा सातवीत होती. गणितात पुन्हा आपटली तर वडील शाळेतून नाव काढणार होते. म्हणून विश्रामनी शिकवणी घेतली.

"एक बाई हौद दोन तासांत भरते, दुसरी तीन तासांत. दोघी मिळून?"

"पाच तास!"

"अगं, दोघी असल्यावर वेळ वाढेल का?"

"गप्पा मारत बसल्या तर वाढेल ना, काका!"

विश्रामनी कपाळावर हात मारला. "थांब, डोळ्यांनीच दाखवतो. जन्मात विसरणार नाहीस!"

रविवारी सकाळी त्यांनी चाळीच्या भरल्या हौदाचा बोळा उपटला. पाणी भळाभळा वाहून गेलं. चाळीचं पाणी भरणाऱ्या शेवंती आणि तुळसा कळश्या घेऊन तयार होत्या. विश्रामनी खिशातलं घड्याळ काढलं. "हं, करा सुरू!"

पण विहिरीला रहाट एकच! दोन दोर असे गुंतले, जणू नागांचं लग्न.

"माजा दोर सोड!"

"तूच सोड!"

सोडवायला विश्राम वाकले. डुबुक! घड्याळ तळाला!

तेवढ्यात उत्तराची आई विमलाबाई धावत आल्या. "हौद कुणी सोडला? आज सुनेचं डोहाळजेवण! चाळीस पानं उठायचीत माझ्याकडे!"

अकराला पाहुण्या आल्या, त्या शालू खोचून कळश्यांच्या रांगेत उभ्या राहिल्या. डोहाळजेवणाची गाणी विहिरीवरच सुरू झाली! हौद भरायला साडेतीन तास लागले.

काठावर उत्तरा मुसमुसत होती. "मला गणित येणारच नाही."

शेवंती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "रडते कशाला, पोरी? हौदात साठ कलश्या मावतात. मी तासाला तीस ओतते, तुळसा वीस. दोघींच्या किती?"

"पन्नास."

"ऱ्हायल्या किती?"

"दहा. पन्नासला एक तास, तर दहाला..." उत्तराचे डोळे लकाकले. "बारा मिनिटं! एक तास बारा मिनिटं!"

विश्राम बघतच राहिले. हे तर त्यांना पाठ होतं, पण असं दिसलं कधीच नव्हतं!

उत्तरा त्या वर्षी पास झाली. तोवर तिची शिकवणी रोज सकाळी विहिरीवर भरायची. विश्रामही नेमानं जात. शेवंती शिकवायची, आणि तेवढा वेळ तिच्या वाटणीचं पाणी ते ओढायचे!