सगळ्यांच्या मालकीचा जॅम

समाजवादी कारखान्याचं डिझाइन कसं करावं, यावर अमेरिकेतल्या अख्ख्या स्टेट कॉलेज गावात माझ्याइतका अभ्यास कुणाचा नव्हता, कारण दुसऱ्या कुणी तो विषय घेतलाच नव्हता. राजकारण, अर्थकारण आणि तंत्रज्ञान या तिन्हींचा तोल साधायचा, हा माझ्या पीएच.डी.चा गाभा. त्यामुळे गावाबाहेरच्या जॅम करणाऱ्या कामगार सहकारी संस्थेने बाटल्या भरायची लाइन डिझाइन करशील का विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "हातचा मळ आहे."

संस्थेची सेक्रेटरी नीना. आईबाप नागपूरचे, ही इथेच वाढलेली. ती म्हणाली, "सिद्धेश, लाइनच्या शेवटी कुणीच उभं राहणार नाही. वी आर ऑल इक्वल."

बाटल्या पुढे नेणारा सरळ पट्टा मी गोल केला. पहिला कुणी नाही, शेवटचा कुणी नाही. टाळ्या पडल्या.

"आणि बंद करायचं बटण?" नीनाने विचारलं. "ज्याच्याकडे बटण, तो बॉस होतो."

म्हणून तीन बटणं. निवडून आलेल्या तिघांनी एकदम दाबली, तरच पट्टा थांबणार.

अर्थकारण माझा रूममेट परीक्षित बघत होता. "भरलेली बाटली ओळखणारा सेन्सर कशाला यार? माणसं उचलतील की." सेन्सर कॅन्सल केला.

चाचणीला माझे प्रोफेसर आले. माझी डिग्री त्यांच्याच सहीवर अडकलेली. पट्टा सुरू झाला, काय सुरेख फिरला! बाटल्या भरल्या, फिरून नळाखाली आल्या आणि पुन्हा भरल्या. उचलायच्या कुणी हे ठरलंच नव्हतं, त्यामुळे जो तो शेजाऱ्याकडे बघत होता. थोड्याच वेळात स्ट्रॉबेरी जॅम पट्ट्यावरून जमिनीवर आणि तिथून प्रोफेसरांच्या बुटांत.

"बटणं दाबा," मी ओरडलो. दोघांनी दाबली. तिसरा जॅमवरून घसरून मशीनखाली बसला होता.

"त्याचं बटण दुसरं कुणीतरी दाबा ना."

"इलेक्टेड तोच आहे," नीना म्हणाली. "बदलायचा तर मीटिंग घ्यावी लागेल."

आणि घेतली. घोटाभर जॅममध्ये उभं राहून चर्चा सुरू झाली. परीक्षित माझ्या कानात म्हणाला, "सेन्सर घ्यायला हवा होता यार." मला रडायला येत होतं. शेवटी मी भिंतीपाशी गेलो आणि सरळ प्लग उपटला.

पट्टा थांबला. नीनाने हात वर केला. "कुणालाही न विचारता एकट्याने निर्णय घेतल्याबद्दल सिद्धेशच्या निषेधाचा ठराव मी मांडते."

ठराव एकमताने मंजूर झाला. प्रोफेसर संस्थेचे सभासद नव्हते, तरी हात त्यांनीही वर केला होता.