पिन, टिन आणि माळ्यावरचा डबा

चामटोलीच्या शाळेत इंग्रजीच्या पहिल्याच तासाला गुरुजींनी टेबलावर डस्टर आपटलं, तो आवाज महिपतरावांच्या कानात अजून आहे. थाड्! खडूचा धुरळा उडाला. गुरुजींनी फळ्यावर तीन अक्षरं काढली आणि म्हणाले, "महिपती, वाच." छोट्या महिपतीने अक्षरांकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं. खिडकीला गज नव्हते. (शिक्षण किती, असं कुणी विचारलं की महिपतराव मनात म्हणत, "खिडकीपर्यंत." मोठ्याने म्हणत, "जुनी चौथी.")

पुढे आनंदनगरच्या एका कंपनीत ते तेहतीस वर्षं स्टोअरमध्ये होते. तिथे कामगाराने इंग्रजी चिठ्ठी सरकवायची, सोबतच्या शंकररावांनी ती वाचायची, आणि महिपतरावांनी वस्तू काढून काउंटरवर ठेवायची. कुठली वस्तू कुठल्या खणात, हे हातांना पाठ. इंग्रजी अक्षरांची गरजच पडली नाही. पण लग्न ठरताना "मुलगा साहेबांशी इंग्रजीत बोलतो," असं कुणीतरी सांगून टाकलं होतं, आणि ते पुसायचं राहून गेलं. (बोलत होते, हे खरं आहे. "येस सर," एवढंच.)

आता अंबरनाथ पश्चिमेला मुलाच्या फ्लॅटमध्ये सगळं बरं चाललं होतं. एका संध्याकाळी पहिलीतली नात चिमी वही घेऊन आली. डोळे भरलेले.

"आजोबा, टीचरने होमवर्क दिलाय. शेवटी 'इन' येणारे वर्ड्स. मीनिंग सांगायचं, आणि तो वर्ड आला कुठून ते घरी विचारायचं. मम्मी बोलते टाइम नाही. पप्पा बोलतात गुगल कर."

"मला विचार की," महिपतराव म्हणाले.

सगळं त्या तीन शब्दांनी केलं.

"पिन कुठून आली?"

महिपतरावांना त्यांची आई आठवली. झंपरचं बटण तुटलं की ती कोंबडीच्या पिसाचा देठ तासून खुपसायची. ते म्हणाले, "पिसावरून आली. आधी लोक पीस टोचायचे, मग कुणीतरी लोखंडाचं केलं." चिमीचं रडू थांबलं. तेवढ्यासाठीच तर रचलं होतं.

दुसऱ्या दिवशी डायरीत टीचरची चिठ्ठी आली. सून शलाकाने ती वाचली आणि सासऱ्यांकडे बघतच राहिली.

"बाबा, कीर्तीटीचर लिहितायत, पिन हा शब्द पिसाच्या जुन्या शब्दावरून आला असावा असं खरंच डिक्शनरीत आहे! तुम्ही भाषेचे जाणकार आहात म्हणे. शनिवारी आजी-आजोबा दिवस आहे. बिन, फिन आणि टिन तुम्ही वर्गात सांगायचे. तुम्ही कधी बोलला नाहीत!"

"विषय निघाला नाही," महिपतराव म्हणाले.

एकदा खोटं खरं ठरलं, आता तीनदा कसं ठरणार? आणि चिमी तर लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत होती, "माझ्या आजोबांना सगळे वर्ड्स कुठून आले ते माहितेय." वॉचमन त्यांना सलाम करू लागला. नातीच्या डोळ्यांत एक माणूस उभा राहिला होता, आणि तो शनिवारी सकाळी दहा वाजता मरणार होता.

गुरुवारी त्यांनी गुडघा धरला.

"दुखतंय?" बायको कौसाबाई म्हणाली. "डॉक्टरांना बोलावते. ते गुडघ्यातच सुई देतात. एवढी लांब."

गुडघा थांबला.

"साहेबांशी इंग्रजीत बोलणारा माणूस, सहा वर्षांच्या पोरांना घाबरतोय होय?" असं म्हणून तिने पुढ्यात बिनमिठाचा दुधी वाढला. बीपीमुळे डॉक्टरांनी तिचं मीठ आणि सुकी मासळी बंद केली होती. "मी सोडलं, तर घरात कुणीच खायचं नाही," असा तिचा न्याय. सहा महिने महिपतराव दुधी खात होते. (बीपी तिचं, दुधी ह्यांचा.)

शुक्रवारी त्यांनी शंकररावांना गाठलं. महिपतरावांना इंग्रजीचं एक अक्षर वाचता येत नाही, ही घरात कुणाला माहीत नसलेली गोष्ट जगात फक्त ह्या माणसाला ठाऊक होती.

"भाषण कशाला करतोस मर्दा?" शंकरराव म्हणाले. "स्टोअरसारखं कर. वस्तू काउंटरवर ठेव, टक् करून. माणूस वस्तूकडे बघतो, देणाऱ्याकडे कोण बघतंय? हेच मीनिंग."

"आणि कुठून आला विचारलं तर?"

"तोपर्यंत बेल होईल."

महिपतरावांनी तयारी केली. उल्हासनगरच्या भंगारवाल्याकडून कॉम्प्रेसरची पातळ पट्टी आणली. कंपनीत तिला फिन म्हणत. बिन म्हणून मोरीतली कचऱ्याची बादली घासून घेतली. पिन कौसाबाईच्या बांगडीतून मागून घेतली. राहिला टिन. घरात सगळे डबे स्टीलचे, नाहीतर प्लास्टिकचे. शेवटी माळ्यावर, गणपतीच्या मखरामागे, बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा सापडला. झाकणाला चिकटपट्टीचे तीन फेरे. हलवून पाहिला, जड नव्हता. रिकामाच असेल म्हणून पिशवीत टाकला.

शनिवारी वर्गात आजी-आजोबा मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसले होते. कौसाबाई शेवटच्या ओळीत, ठेवणीतल्या लुगड्यात. चिमी पहिल्या बाकावर. तिने सगळ्यांना दाखवलं, "ते माझे आजोबा."

महिपतरावांनी पिन टेबलावर ठेवली. टक्. बादली ठेवली. पट्टी ठेवली. मग डबा. सगळे खरंच वस्तूंकडे बघत होते. बेल काही होईना.

"आजोबा, डब्यात खाऊ आहे?" एका पोराने विचारलं.

वेळ जाईल म्हणून महिपतरावांनी सावकाश, एकेक फेरा करत चिकटपट्टी काढली आणि झाकण उघडलं.

आत खारे बांगडे होते. वास आधी पहिल्या बाकावर गेला, मग खिडक्यांकडे, मग बहुतेक स्टेशनपर्यंत. पोरं "ईईई" करून बाकांवर चढली. एक आजोबा मात्र डोळे मिटून म्हणाले, "वा!" कीर्तीटीचरने एका हाताने नाकाला रुमाल लावला, दुसऱ्या हाताने डस्टर उचललं आणि टेबलावर आपटलं.

थाड्!

महिपतरावांनी खिडकीकडे पाहिलं. ह्या खिडकीला गज होते.

"शांत बसा! आजोबा," टीचर रुमालातून म्हणाली, "टिन हा शब्द कुठून आला, तेवढं सांगा."

चिमी त्यांच्याकडे बघत होती, तोंड अर्धं उघडं, पापणी न हलवता. तिच्याशी खोटं बोलायचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं.

"बाई, खरं सांगतो," ते हळू आवाजात म्हणाले. "मला माहीत नाही. आणि मला..."

"करेक्ट!" टीचरचा रुमाल खाली आला. "मीही काल डिक्शनरी पाहिली. टिनचं मूळ कुणालाच नक्की सांगता येत नाही! मुलांनो, ज्याला खूप कळतं तोच असं सांगतो. क्लॅप!"

टाळ्या वाजल्या. 'आणि मला इंग्रजी अक्षरं येत नाहीत' हे त्यांचं बोलणं त्या टाळ्यांत बुडालं. तेवढ्यात चिमी पुढे आली. तिने डब्यात हात घालून एक बांगडा शेपटीला धरून उचलला आणि त्याच्या पाठीवरचा पर दाखवला.

"टीचर, फिन!"

पुन्हा टाळ्या. भंगारवाल्याच्या पट्टीकडे कुणी पाहिलंही नाही. महिपतरावांनी कपाळाचा घाम पुसला. साठ वर्षांची भीती अशी बांगड्याने घालवावी!

"पण आजोबा," चिमी माशाकडे बघत म्हणाली, "हा आपल्याकडे आला कुठून?"

महिपतरावांच्या डोळ्यांसमोरून सहा महिन्यांचा दुधी सरकत गेला. त्यांनी सावकाश मान वर करून शेवटच्या ओळीकडे पाहिलं.

तिथून कौसाबाई उठली. पदर खोचत, बाकांमधून वाट काढत ती टेबलापाशी आली. चिमीच्या हातातून बांगडा घेऊन तिने डब्यात ठेवला, झाकण दाबून बसवलं. टेबलावरची पिन उचलून पुन्हा बांगडीत अडकवली. मग तिने नवऱ्याकडे एकदाच पाहिलं. त्या नजरेपुढे गुरुजींचं डस्टर काहीच नव्हतं. आज रात्री काय शिजणार आणि ते किती दिवस शिजणार, हे भाषेच्या जाणकाराला न सांगता कळलं.

डबा काखेत मारून ती वर्गाबाहेर निघून गेली.